सतरा क्रमांकाची तहान

लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी बेबीनंदाबाईंनी लेकीकडून दंडावरची पट्टी बदलून घेतली आणि बदलता बदलता तिला भरपूर ऐकवलं.

"मले तहान लागली का नाही, हे आता तू सांगशीन?"

"मी नाही सांगत आई. तुझं रक्त सांगतं. मी फक्त ऐकते."

"तेवीस वर्षं गाडीले डबल बेल देली मी. माह्या रक्ताले तेव्हा कोणी विचारलं नाही."

मे महिन्याचा दुसरा शनिवार होता. कळमनाथच्या त्या दोन खोल्यांत कूलर धडधडत होता आणि पलंगावर तीन साड्या पसरल्या होत्या. भाचीच्या लग्नाला बोरदरीला जायचं, सहा तासांचा प्रवास, आणि साडी काही ठरत नव्हती. मयूरी दुपारच्या गाडीनं नागपूरला परतणार होती. तिनं आईच्या कानामागची रुपयाएवढी चकती काढून पुसली, पुन्हा चिकटवली आणि हातातल्या पडद्यावर आकडे बघितले. सोडियम जरा वर होतं. फार नाही.

"रस्त्यात पाणी पी."

"पाहू."

"पाहू नाही. पी."

"पितो ना बाप्पा, डॉक्टरीणबाई. हे तुहं यंत्र काय मले सोडते? आतून सिंगल बेल देत राह्यते." सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, डबल म्हणजे सोडा. बेबीनंदाबाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण जगातल्या सगळ्या गोष्टी त्या अजून या दोन घंट्यांतच मोजत. "पण तुले सांगते मयू, माह्यासाठी गाडी थांबवावी लागली असं तेवीस वर्षांत एकदा झालं नाही. एकदा नाही."

हे त्या अभिमानानं म्हणाल्या आणि जांभळी साडी उचलून अंगाला लावून बघितली. मयूरी म्हणाली, "हीच नेस." मग तिनं आईच्या हातचं कैरीचं पन्हं दोन पेले प्यायलं, बॅग उचलली आणि निघाली. आईनं पन्हं घेतलं की नाही, हे तिनं पाहिलं नाही.

*

मयूरी ठोंबरे नागपूरच्या संशोधन संस्थेत ज्या यंत्रावर काम करत होती त्याचं नाव 'तोल'. त्या दोन वर्षांत विदर्भात ते नाव घराघरात पोचलं होतं आणि त्याचं कारण सोपं होतं. उन्हाळा आता मार्चमध्ये सुरू होई आणि त्यात म्हातारी माणसं पटापट जात. पाणी नव्हतं म्हणून नव्हे. माठ भरलेला, पेला उशाशी, आणि माणूस आतून वाळून गेलेला. कारण त्याला तहानच लागलेली नसे.

मेंदूच्या तळाशी, अगदी पुढच्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढी एक जागा आहे. मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारी जी तटबंदी असते, ती या जागेपाशी मुद्दाम विरळ ठेवलेली आहे. तिथल्या पेशी रक्त चाखतात म्हटलं तरी चालेल. रक्त शेकड्याला एक-दोन इतकंच खारट झालं तरी त्या पेशी आकसतात आणि दोन हुकूम सुटतात. एक वर, जाणिवेकडे: पाणी पी. दुसरा खाली, मेंदूच्या बुडाशी लटकणाऱ्या ग्रंथीकडे. ती एक संप्रेरक सोडते आणि ते मूत्रपिंडांना सांगतं: आहे ते पाणी धरून ठेवा. वय झालं की पहिला हुकूम क्षीण होतो. दुसरा सुटतो, पण मूत्रपिंडं जुन्या कारकुनासारखी त्याकडे काणाडोळा करतात. म्हणून सत्तरीचा माणूस कोरडा पडतो आणि त्याला पत्ता नसतो.

'तोल' हा पहिला हुकूम परत मिळवून देत होता. दंडावरची पट्टी कातडीखालच्या द्रवातलं सोडियम मोजायची. ते वाढलं की कानामागची चकती ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या मसुराएवढ्या जागी सोडायची, आणि माणसाला खरी, लहानपणासारखी, घसा कोरडा करणारी तहान लागायची. पहिल्या वर्षी चाचणीतल्या तीनशे म्हाताऱ्यांपैकी एकालाही उष्माघातानं दवाखान्यात न्यावं लागलं नाही. एका आजोबांनी तर पत्र लिहिलं होतं, चाळीस वर्षांनी पाणी गोड लागलं म्हणून.

दुसऱ्या वर्षीच्या यादीत सतरा क्रमांकावर एक नाव होतं: बेबीनंदा खंडारे. खंडारे हे आईचं माहेरचं आडनाव. संशोधकाच्या नातेवाइकाला चाचणीत घेता येत नाही, हा नियम मयूरीला पाठ होता. पण आईला यंत्र मिळायला आणखी दोन उन्हाळे थांबायला ती तयार नव्हती. हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरं तिनं स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. संस्थेत कुणी विचारलं तर ती म्हणे, "आई सरकारी नोकरीत होती." लोक समजत, तहसील कचेरीत असेल, नाहीतर शाळेत. ती समजू देई.

*

रविवारी पारा सत्तेचाळीसवर गेला. पुलाच्या कामामुळे गाडी वळसा घालून गेली आणि सहा तासांचे साडेसात झाले. बेबीनंदाबाई मांडवात पोचल्या, नवरीला हळद लावायला बसल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. मामेभावाचा फोन आला तेव्हा मयूरी प्रयोगशाळेत चहा घेत होती. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली, तोवर आईला ओळख राहिली नव्हती. रक्तातलं सोडियम एकशे एकाहत्तर होतं; ते एकशे पंचेचाळीसच्या आत हवं. तिथल्या तरुण डॉक्टरनं दंडावरची पट्टी बघून विचारलं, "हे असूनसुद्धा?"

मंगळवारी सकाळी आई गेली.

संस्थेत मयूरीनं हृदयविकार सांगितला. तेरा दिवसांनी परतली आणि खोलीचं दार लावून सतरा क्रमांकाची नोंद उघडली. यंत्र बंद पडलं असणार, याची तिला खात्री होती. तसंच असावं अशी तिची इच्छाही होती.

यंत्र बंद पडलेलं नव्हतं. साडेसात तासांत त्यानं अकरा वेळा तहान लावली होती, आणि अकराही वेळा ती मिनिटाभरात शमली होती. सोडियम मात्र एकदाही खाली आलं नव्हतं. ती पायरी पायरीनं वर चढत गेलेली रेघ मयूरी बराच वेळ बघत राहिली. पाणी पोटात गेलं नव्हतं. मग तहान शमली कशानं?

उत्तर तिलाच ठाऊक होतं. तिनंच ते विद्यार्थ्यांना कितीदा शिकवलं होतं. आपण पाणी पितो तेव्हा ते रक्तात मिसळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण तहान मिनिटाभरात जाते. कारण तोंड आणि घसा मेंदूला आधीच वर्दी देतात: येतंय, थांब. मेंदू त्या वर्दीवर विश्वास ठेवतो. ठेवला नसता तर पाणी रक्तात पोचेपर्यंत माणूस पीतच राहिला असता, आणि रक्त नको इतकं पातळ होणंही जिवावर बेतणारं असतं. म्हणून 'तोल'लाही तसंच शिकवलं होतं. घशाची वर्दी आली की गप्प बसायचं आणि चाळीस मिनिटं रक्ताची वाट बघायची.

आईनं अकरा वेळा चूळ भरली होती. तोंडभर पाणी घेऊन, घशापर्यंत नेऊन, खिडकीतून टाकून दिलं होतं. दर चाळीस मिनिटांनी एकदा.

प्रकल्पप्रमुख डॉ. हेमंत सरनोबत यांना तिनं चुळीचं सांगितलं, सतरा क्रमांक म्हणजे आपली आई हे नाही. सरनोबत भला माणूस. ते हळहळले आणि म्हणाले, "अहवालात एक ओळ घालावी लागेल. यंत्राची चूक नव्हती हे स्पष्ट हवं. तूच लिही, तुझी भाषा चांगली आहे."

मयूरीनं लिहिलं: 'क्रमांक सतरा. सदर महिलेने सूचनांचे पालन केले नाही. यंत्रात दोष आढळला नाही.' पान अकरा. लिहून झाल्यावर तिनं शुद्धलेखन तपासलं आणि घरी गेली.

*

पुढचे सहा महिने ती झपाटल्यासारखी राबली. चुळीला न फसणारं यंत्र करायचं होतं, आणि तिनं ते केलं. नवा 'तोल' घशाची वर्दी ऐकतच नसे. रक्तात पाणी पोचलं असं पट्टीनं सांगेपर्यंत तो तहान धरून ठेवायचा. संस्थेत पेढे वाटले गेले. मार्चमधल्या चाचणीसाठी उन्हात काम करणाऱ्या बायका निवडायच्या ठरल्या, आणि मयूरीनं 'विदर्भ लोकवाहिनी'च्या हिवरदरी आगारातल्या चाळीस महिला कंडक्टर निवडल्या. पहिले तीन दिवस त्यांना जुना 'तोल' लावायचा, मग नवा. लोकवाहिनीच्या गाड्या आता विजेवर चालत, तिकीट यंत्रातून निघे, पण कंडक्टर काही सुटला नव्हता. म्हातारीला हात द्यायला, बोकड खाली उतरवायला आणि भांडण मिटवायला माणूसच लागतो.

चौथ्या दिवशी संघमित्रा तायडे नावाची कंडक्टर आगाराच्या विश्रांतिगृहात आली आणि चकती मयूरीच्या टेबलावर आपटून उभी राहिली. चाळिशीची, आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"घ्या मॅडम. भूत उतरवल्यावानी उतरवलं."

"काय झालं ताई?"

"तहान लागते."

"लागायलाच हवी. त्याचा अर्थ शरीराला..."

"लागते ते समजलं. थांबत नाही! बाटली माह्या मांडीवर होती, गारेगार. पण पिऊन जाऊ कुठं? नऊ ते साडेचार गाडीत. मधात तीन चार्जिंग स्टँड. एकाच्या संडासले कुलूप, चावी साहेबाच्या खिशात अन् साहेब नागपुरात. दुसऱ्याले दार नाही. तिसरं माणसाइचं. तिथं वीस मिनिटं गाडी पोटभर वीज पिते, अन् आम्ही उभ्या."

"गाडीले भरायले जागा हाय," कोपऱ्यात डबा खाणारी दुसरी म्हणाली, "बाईले रिती व्हायले नाही."

सगळ्या हसल्या. मयूरीला हसू आलं नाही.

"आंधीचं यंत्र गुणाचं होतं," तायडे म्हणाली. "चूळ भरली का गप."

"हे चूळ भरायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवलं? टरेनिंगच हाय ते! पहिल्या दिवशी साहेब तिकीट मशीन शिकवते. दुसऱ्या दिवशी जुनी कंडक्टरीण बाजूले घेऊन सांगते: अर्धा घोट तोंडात, मान मागं, खळखळ, अन् खिडकीतून बाहेर. मागच्या सीटवाल्याले सांभाळून!"

पुन्हा हशा झाला. मयूरीनं विचारलं, "आणि निवृत्त झाल्यावर?"

तायडेनं तिच्याकडे नीट बघितलं. "निवृत्त नोकरी होते मॅडम. सवय कशी होईन?"

*

दुसऱ्या दिवशी मयूरी नवा 'तोल' स्वतःच्या कानामागे लावून तायडेच्या गाडीत बसली. मार्चच होता, चाळीस अंश. पहिल्या तासाला तहान लागली तेव्हा तिला स्वतःच्या कामगिरीचं कौतुक वाटलं; इतकी स्वच्छ, इतकी खरी तहान. तिनं अर्धी बाटली संपवली. दुसऱ्या तासाला तिला कळलं की आता पुढचे पाच तास तिला दुसऱ्याच एका गोष्टीचा विचार करायचा आहे. पहिल्या स्टँडवर कुलूप होतं. दुसऱ्यावर दार नव्हतं, आणि समोर पानठेल्यावर चार माणसं निवांत उभी होती. बाहेर छपरावर सौरऊर्जेची तावदानं चकाकत होती, चार्जिंगचा खांब हिरवा दिवा दाखवत होता.

चौथ्या तासाला तहान पुन्हा लागली. आता ती थांबत नव्हती. मेंदूतल्या कोणत्या पेशी, कोणत्या क्रमानं, सेकंदाला किती वेळा ठिणग्या सोडत आहेत हे मयूरी सांगू शकली असती. त्याचा उपयोग शून्य होता. तिनं बाटली उघडली, तोंड भरलं, मान मागं टाकली, खळखळून खिडकीबाहेर टाकलं. काहीच झालं नाही. तिनं स्वतःच चुळीची वाट बंद करून टाकली होती.

तायडे तिकीट देता देता बघत होती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काढा ते मॅडम. मरसान."

मयूरीनं चकती काढली. मग तोंडावर ओढणी घेतली आणि पुढच्या फाट्यापर्यंत बाहेर बघत राहिली. आई तहानेला विसरली नव्हती. आईनं यंत्राला फसवलंही नव्हतं. तिनं रस्त्याकडे बघून हिशोबानं, शहाणपणानं ठरवलं होतं, रोज ठरवत आली होती तसंच. पेशी बरोबर होत्या. आई बरोबर होती. चुकीचा होता तो स्टँड.

नागपूरला परतल्यावर तिनं सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. सरनोबत चिडले. "अगं, पेटंटचा अर्ज गेलाय!"

"जाऊ दे सर. ते यंत्र बायकांचा छळ करतं. चूळ भरली की तोल गप्पच बसेल, पहिल्यासारखा. फक्त एक नोंद करेल: इथे तहान लागली, इथे पाणी नाकारलं. वेळ आणि जागा."

"आणि मग?"

"मग बघू नकाशा कसा दिसतो."

हिवरदरीच्या बायकांनी एकच अट घातली. ती तायडेनं सांगितली, "आमचं नाव नको. स्टँडचं नाव लिहा. लाज त्याले वाटू द्या."

अडतीस दिवसांत नकाशा तयार झाला. तो समजायला शरीरशास्त्र येण्याची गरज नव्हती. रस्त्यांच्या करड्या रेघा, आणि प्रत्येक चार्जिंग स्टँडच्या आधी कोस-दोन कोस लाल ठिपक्यांचा घोस. बायका स्टँड यायच्या आधीच पाणी सोडून देत होत्या. शास्त्रज्ञांनी मेंदूत जी आगाऊ वर्दी शोधली होती, ती जमिनीवर उमटली होती. संस्था आणि लोकवाहिनी यांच्या संयुक्त समितीनं तो नकाशा बघितला, दोन बैठका घोळ घातला आणि एका मार्गावर प्रयोग करायला मंजुरी दिली. तीन स्टँड. दार, आतून कडी, नळाला पाणी, आणि चावी कंडक्टरच्या हातात.

मेमध्ये पारा पुन्हा सत्तेचाळीसवर गेला. मयूरी त्या मार्गावर पहिल्या स्टँडपाशी उभी होती. गाडी आली, खांबाला वायर लागली, तायडे खाली उतरली. आत गेली. बाहेर आली. मग झाडाखाली उभी राहून तिनं बाटली तोंडाला लावली आणि थांबलीच नाही. घसा वरखाली होत होता, पदरावर पाणी सांडत होतं, आणि गाडीतल्या बायका खिडक्यांतून "हाव, हाव, हाव!" करून टाळ्या पिटत होत्या.

"जाते का सगळी बाटली?" मयूरीनं विचारलं.

"जाईन नाही त कुठं जाईन!" तायडेनं रिकामी बाटली डोक्यावर पालथी धरून दाखवली. "मॅडम, अठरा वर्षांत पहिल्यांदा ड्युटीवर ढेकर देला."

त्या महिन्यात त्या मार्गावरच्या एकाही बाईचं सोडियम धोक्याच्या रेघेला शिवलं नाही. यंत्राच्या तहान लावण्यात कणभर बदल केलेला नव्हता. आणि जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तेही घडलं. त्या मार्गावर 'तोल' लावून दिलेल्या प्रवासी म्हाताऱ्या, गरोदर बायका, शाळेच्या मुली, सगळ्यांच्या नोंदी सुधारल्या. लाल ठिपके एकेक करून विझत गेले. सरनोबत पडद्यासमोर लहान मुलासारखे मोजत बसले.

*

समितीची शेवटची बैठक जूनमध्ये झाली. लांब टेबल, अध्यक्षस्थानी पालीवालबाई, बाजूला लोकवाहिनीचे अधिकारी, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर हिवरदरीच्या सहा कंडक्टर खाकी गणवेशात. तायडेनं केसांत मोगरा माळला होता.

फार चर्चा झाली नाही. नकाशा बोलत होता. पालीवालबाईंनी चष्मा काढला आणि निर्णय वाचला: लोकवाहिनीच्या तीनशे अठरा स्टँडांवर, एका वर्षाच्या आत. दार, कडी, पाणी, आणि वेळापत्रकात दहा मिनिटं. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. मागच्या भिंतीकडून टाळ्या सुरू झाल्या आणि टेबलापर्यंत आल्या. सरनोबतांनी मयूरीचा हात दोन्ही हातांत घेतला. "जिंकलीस," ते म्हणाले.

"तर मग अहवाल मंजूर," पालीवालबाई म्हणाल्या. "डॉक्टर ठोंबरे, सही करा. आणखी काही?"

मयूरीनं पेन घेतलं. अहवाल जाडजूड होता. तिनं सहीचं पान उघडलं नाही, अकरावं उघडलं. ती ओळ तिथेच होती, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली. आता सही केली की ती कायमची. कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. स्टँड बांधले जाणार होते, बायका पाणी पिणार होत्या. फक्त एका बाईबद्दल एवढंच उरणार होतं, की तिनं सांगितलेलं ऐकलं नाही.

ती उभी राहिली.

"एक दुरुस्ती आहे. पान अकरा."

"आता?" सरनोबत पुटपुटले.

"क्रमांक सतराच्या महिलेनं सूचना पाळल्या नाहीत, असं इथं लिहिलंय. ते मी लिहिलंय, आणि ते खरं नाही. पाणी प्या एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. पिऊन कुठं जायचं, हे सांगितलं नव्हतं." तिचा आवाज स्थिर होता, तिला त्याचंच नवल वाटलं. "त्यांचं आडनाव खंडारे नाही, ते माहेरचं. त्यांचं नाव बेबीनंदा ठोंबरे. नातेवाइकाला चाचणीत घ्यायचं नाही हा नियम मला ठाऊक होता, मी तो मोडला. त्याबद्दल जे करायचं ते माझं करा, नकाशाचं नको. तो या ताईंचा आहे."

सरनोबतांनी तिचं आडनाव मनात पुन्हा वाचलं असावं; त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. भिंतीकडच्या खुर्च्यांवर तायडे पुढे सरकून बसली.

"इथं कुणी विचारलं की मी सांगायचे, आई सरकारी नोकरीत होती," मयूरी म्हणाली. पुढचं वाक्य तिनं आजवर कुठल्याच खोलीत, कुणासमोरच म्हटलं नव्हतं. ते तिनं टेबलाकडे नाही, भिंतीकडे बघून म्हटलं, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"माझी आई कंडक्टर होती."